संक्रांतीनंतरचा टोमॅटो

"आता? आता कोणी टोमॅटो लावतं का?"

संक्रांत झाली की माझ्या रोपवाटिकेत हा प्रश्न हमखास येतो. गंमत म्हणजे विचारणारा तोवर आत येऊन ट्रेवर वाकलेला असतो. लावायचं त्याच्या मनात असतंच, फक्त कोणीतरी "लाव" म्हणायला हवं असतं. ते मी म्हणते. चोवीस वर्षं म्हणते आहे, आणि अजूनही म्हणताना अंगात तोच उत्साह येतो.

मी निर्मळ गावात भाजीची रोपं तयार करून विकते. घरामागे आमची केळीची वाडी, तिच्या एका कडेला हिरवी जाळी बांधून सुरुवात केली. काम सांगायला सोपं आहे. एकशेचार घरांचा प्लास्टिकचा ट्रे असतो. त्यात नारळाच्या काथ्याचा भुसा भरायचा, प्रत्येक घरात बोटाने खळगी करून एक बी टाकायचं, पाणी द्यायचं आणि वाट पाहायची. पाचव्या-सहाव्या दिवशी बी मान वर काढतं. पंचवीस दिवस उलटले की रोप वाफ्यात जायला तयार. शेवटचे तीन दिवस मी पाणी तोडते आणि ट्रे उन्हात काढते. रोपं जरा हिरमुसतात, पण बुंधा टणक होतो. लोकांना उंच, लुसलुशीत रोप आवडतं. मी बुटकं आणि जाड देते. "वहिनी, याच्यात दम दिसत नाही," असं म्हणून गेलेले लोक तिसऱ्या दिवशी परत आलेले मी पाहिले आहेत.

आमच्याकडे टोमॅटोची पहिली लागवड पाऊस सरल्यावर होते. नाताळच्या सुमारास तोडा सुरू होतो आणि मग सगळ्यांचाच टोमॅटो एकदम येतो. फेब्रुवारीत झाडं दमतात, लोक ती उपटून टाकतात. नेमकं त्याच वेळी जो नवीन रोप लावतो त्याला एप्रिल-मे महिन्यात, वाडीत दुसरं फारसं काही नसताना, ताजा टोमॅटो मिळतो. ही दुसरी लागवड. तिच्या विरुद्ध सगळंच असतं. ऊन वाढतं तशी फुलं गळतात. पांढरी माशी एका झाडाचा रोग दुसऱ्यावर नेते आणि पानं मुरडून झाड जागच्या जागी थिजतं. समुद्र जवळ, त्यामुळे उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खारट होऊ लागतं. आणि मे महिन्यात वळवाची एक जोरदार सर आली की सगळं झोपलं. पहिली लागवड कोणीही करतो. दुसरी ज्याला जमते तो आळीभर टोमॅटो वाटत फिरतो. खायला कमी आणि दाखवायला जास्त.

या दुसऱ्या लागवडीने मला काही और गिऱ्हाइकं दिली. जूचंद्रच्या एका नव्या इमारतीत अकराव्या मजल्यावर सावंत म्हणून एक गृहस्थ राहतात. गॅलरीत लावायला त्यांनी सहा रोपं नेली आणि त्या दिवसापासून प्रत्येक पानाचा फोटो मला येऊ लागला. "मॅडम, हे पिवळं का?" "मॅडम, हे फूल का गळलं?" एके दिवशी त्यांनी व्हिडिओ पाठवला. विजेवर चालणारा दात घासायचा ब्रश ते टोमॅटोच्या फुलांच्या देठाला लावत होते. मी हसून हसून पदर तोंडाला लावला आणि घरातल्या सगळ्यांना दाखवला. दोन आठवड्यांनी फोटो आला: ज्या घोसातली फुलं गळत होती त्या घोसात चार हिरव्या गोळ्या. टोमॅटोच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात, फक्त फूल थरथरायला हवं म्हणजे पराग खाली झडतो. वाडीत ते काम वारा आणि भुंगे करतात. हे मला ठाऊक होतं. ब्रशचं सुचलं मात्र त्यांना. माझं हसू तिथेच थांबलं.

पण सांगायची आहे ती गोष्ट इनासकाकांची. तिच्यात माझी चूक आहे, आणि माझ्या सगळ्या कामातला सर्वांत मोठा आनंदही आहे.

इनासकाका भुईगावचे. तेव्हा वय अठ्ठ्याहत्तर, सायकलवरून फिरणारे. आमच्या घरची बोली वेगळी, त्यांची वेगळी. एकमेकांशी आम्ही शाळेत शिकलेलं मराठी बोलतो. चार वर्षांपूर्वी नाताळनंतरच्या आठवड्यात ते आले आणि औषधाची एक छोटी बाटली त्यांनी माझ्या हातावर ठेवली. आत टोमॅटोचं बी होतं.

"मार्थाचं आहे," ते म्हणाले.

मार्थाकाकू म्हणजे त्यांची बायको. त्या पावसाळ्यात गेल्या. त्यांच्या घरचा टोमॅटो सगळ्यांहून निराळा होता. चपटा, भोपळ्यासारख्या फाका पडलेला, चांगला आंबट आणि सालीला इतका पातळ की बाजारापर्यंत टिकत नसे. म्हणून तो कोणी विकायला लावला नाही आणि तो त्यांच्याच वाडीत राहिला. पान तर टोमॅटोचं वाटायचंच नाही, बटाट्यासारखं रुंद. सासूकडून काकूंना मिळालेलं बी त्या दरवर्षी धरत आणि वर्षातून दोनदा लावत. त्या गेल्यावर पहिली लागवड झालीच नाही.

"दुसरी तरी होऊ दे," काका म्हणाले. "सगळं पेर. मागे ठेवू नको. मला एकट्याला पुन्हा सुचेल, न सुचेल."

इथे माझं चुकलं. कोणाचंही घरचं बी आलं की त्यातलं थोडं मी बाजूला काढून ठेवते, हा माझा स्वतःचा नियम. त्या दिवशी काकांच्या तोंडाकडे पाहिलं आणि दोन ट्रे पूर्ण भरले. बाटलीत एकही बी उरलं नाही.

जुनं बी असूनही ते काय उगवलं! दोनशे आठ घरांत पावणेदोनशे रोपं. मी काकांना फोन करून सांगितलं, ते सायकल काढून त्याच दुपारी बघायला आले. खिशात हात घालून उभे राहिले आणि नुसते बघत राहिले. "हात नाही लावत," म्हणाले. "ती लावू द्यायची नाही. मी तंबाखू खातो ना. तंबाखूच्या हाताने टोमॅटोला रोग होतो म्हणायची." खरं आहे ते. काकूंना कोणी शिकवलं होतं कोण जाणे.

सोळाव्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. मला वाटलं बुरशी. औषध फवारलं. रोपं आणखी माना टाकू लागली, तेव्हा वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून पाणी वाढवलं. दोन दिवसांत निम्मा ट्रे झोपला. बाकीच्या ट्रेंमध्येही तेच चाललं होतं, पण ते बी दुकानात मिळतं, पुन्हा पेरता येतं.

त्या सकाळी अर्नाळ्याची हौसाबाय आली. ती मासे घेऊन आमच्या आळीत येते, टोपली टेकवते आणि माझ्या जाळीत सावलीला बसते. त्या दिवशी घरात जायचा कंटाळा करून तिने माझ्या पाइपचंच पाणी ओंजळीत घेतलं, आणि पहिल्याच घोटाला थुंकलं.

"गो बाय, हे काय झाडांना पाजतेस? खारं पानी हाय हे!"

"जानेवारीत कुठलं खारट? आमच्याकडे एप्रिलशिवाय होत नाही."

"कोन सांगते तुला? चाखून तरी बघ. आमी खाऱ्या पान्यातली मानसं, आमाला कोन फसवनार?"

मी चाखलं. मिठाच्या बरणीत बोट बुडवून जिभेला लावावं तसं. आजूबाजूला बोअर वाढल्या, टँकर भरून जाऊ लागले, आणि माझ्या बोअरचं पाणी तीन महिने आधीच फिरलं होतं. रोज दोन वेळा मी स्वतःच्या हाताने रोपांना मीठ घालत होते, आणि ती मरायला लागल्यावर दुप्पट घालत होते. वीस वर्षं या धंद्यात काढलेली बाई, पण पाणी चाखून बघावं हे मला सुचलं नाही. आता मी रोज सकाळी पाइप सुरू करायच्या आधी एक थेंब जिभेवर ठेवते. लोक हसतात, हसू देत.

काकांचे दोन्ही ट्रे गेले. एकही रोप राहिलं नाही.

मी भुईगावला गेले. काका ओट्यावर बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "काका, रोपं गेली. रोग आला."

मी रोग म्हणाले. मीठ म्हणायला तोंड उघडेना.

"सगळी?"

"सगळी."

ते उठून आत गेले, चहाचं आधण ठेवून आले. मग म्हणाले, "तिने चाळीस वर्षं सांभाळलं. मी सहा महिन्यांत घालवलं." म्हणजे दोष त्यांनी स्वतःवर घेतला. मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण त्यांनी चहा टाकला होता, म्हणून पाय धुवायला मागे विहिरीकडे गेले.

कपडे धुवायच्या दगडापलीकडे, जिथे सांडपाणी मुरतं तिथे, कर्दळीच्या गर्दीत एक टोमॅटोचं झुडूप पसरलं होतं. आपसूक उगवलेलं, कोणी न बघितलेलं. खालची पानं वाळलेली, अर्धं अंग जमिनीवर. पण शेंडे हिरवेगार, आणि पान रुंद. बटाट्यासारखं! मी गुडघ्यांवर बसले. एकही पिकलेलं फळ नव्हतं; बुलबुलांनी फोडलेली सालं तेवढी खाली होती. एका देठाला सुपारीएवढी हिरवी गोळी होती आणि तिला बारीक फाका पडलेल्या होत्या.

"काका!" मी अशी ओरडले की ते चपला न घालताच धावत आले.

झाड पाहून ते खालीच बसले. आता हे फळ पिकेल, बी धरू, एवढंच त्यांच्या मनात आलं. माझ्या मनात दुसरंच होतं. फळ पिकून, बी वाळवून, पुन्हा रोप करेपर्यंत ही लागवड हातची गेली असती. आणि एका आजारी झाडावरच्या एका गोळीचा काय भरवसा? बुलबुल एका सकाळी संपवून टाकतात. टोमॅटोच्या प्रत्येक पानाच्या बगलेत एक फुटवा येतो, आम्ही त्याला बगलफूट म्हणतो. एरवी ती खुडून फेकून देतात. पण ती ओल्या भुशात खोचली तर तिला मुळं फुटतात आणि दहा-बारा दिवसांत नवीन झाड तयार होतं, अगदी त्याच झाडाचं.

"याच्या बगलफुटी कापू," मी म्हणाले. "वीसेक तरी निघतील."

काकांचा चेहरा बदलला. "कापायचं? एवढं एकच तर राहिलंय. तेही घालवशील."

आधीचं मीच घालवलं होतं. मी चहा न घेताच घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन वाजला. "ये," काका म्हणाले. "कात्री उकळत्या पाण्यातून काढून ठेवली आहे."

आमचे हे सातिवलीच्या एका कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते आणि सकाळचा चहा हा त्यांच्या नव्या आयुष्यातला एकमेव कार्यक्रम होता. त्यांना तसंच उठवून स्कूटरवर बसवलं. सकाळीच कापायला हवं होतं, तेव्हा फुटवे पाण्याने भरलेले असतात. मी एकेक वीतभर फुटवा घेत गेले. खालची पानं काढली, फुलांच्या कळ्या खुडल्या. झाडाचा सगळा जीव मुळांकडे लागावा म्हणून. काका हात मागे बांधून मोजत होते. एकोणीस झाले.

"आणि एक कॅन पाणी द्या तुमच्या विहिरीचं," मी म्हणाले. त्यांची विहीर गोड होती. त्या दिवसापासून रोज सकाळी हे कुरकुरत दोन कॅन स्कूटरवर आणू लागले.

एकोणीस फुटवे मी ओल्या गोणपाटाच्या सावलीत ठेवले. दुसऱ्या दिवशी सगळे मेल्यासारखे आडवे झाले. तिसऱ्या दिवशीही तसेच. मी स्वयंपाक करता करता चार वेळा जाऊन बघायची. चौथ्या दिवशी सकाळी गोणपाट उचललं तर सात जणांनी माना वर केल्या होत्या! सहाव्या दिवशी दांड्यावर पांढरे पुरळ दिसू लागले. अकराव्या दिवशी मी एक हलकेच उपसून पाहिलं, तर खाली मुळांची दाढी. काकांना फोन करून मी नुसतं "या, या" म्हणाले. ते आले आणि चष्मा वर करून एकेक मूळ बघत बसले. पाच कुजले, चौदा जगले.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, ऊन कलल्यावर, आम्ही ती काकांच्या वाडीत लावली. उभी नाही लावली, चरात आडवी निजवून शेंडा तेवढा वर ठेवला; मातीखालच्या दांड्यालाही मुळं फुटतात आणि उन्हाळ्यात झाड तग धरतं. वर भाताचा पेंढा पसरला. पांढऱ्या माशीसाठी काकांनी घरातली मोठी मच्छरदाणी बांबूंवर ताणून बांधली. रस्त्याने जाणारे थांबून विचारायचे, "इनास, आत कोण झोपलंय?"

मार्चमध्ये झाडं कमरेएवढी झाली. फुलोरा आला म्हणून मच्छरदाणी काढायची वेळ आली. मी सुतळीने झाडं बांबूला बांधत होते, काका सुतळी तोडून देत होते. तिथे मला राहवलं नाही.

"काका, तुमच्या रोपांना रोग नव्हता झाला. माझं पाणी खारट झालं होतं. मी चाखून बघितलं नाही."

"ठाऊक आहे," ते म्हणाले.

"कोणी सांगितलं?"

"तुझ्या दारात बोअर आहे आणि तुझा नवरा रोज माझ्या विहिरीचं पाणी नेत होता. मी म्हातारा आहे, खुळा नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तेव्हाच बोललो असतो तर लाजेने पुन्हा इकडे फिरकली नसतीस. मग ही झाडं कोणी जगवली असती? बांध, ती सुतळी सैल आहे."

मी बांधली. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

आणि मग उन्हाने मारलं. एक घोस गळला, दुसरा गळला. सकाळी फूल, संध्याकाळी खाली पिवळा सडा. दोन झाडांची पानं मुरडली, ती काकांनी न बोलता उपटून जाळली. बारा उरली. माझे उपाय संपल्यावर मी नाक मुठीत धरून सावंतांना फोन केला. तो भला माणूस रविवारी जूचंद्रहून ब्रश घेऊन हजर!

"अंकल, डोन्ट वरी," ते काकांना म्हणाले. "नऊच्या आत करायचं. नंतर गरम झालं की पोलन डेड."

काकांनी ब्रश, सावंत आणि मी असं तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "फुलांचे दात घासायचे?" त्यांनी विचारलं. पण करू दिलं. ब्रश घुंइंइं वाजला आणि फुलातून पिवळी धूळ उडताना आम्हा तिघांना दिसली. सावंत ब्रश तिथेच ठेवून गेले. पुढचे तीन आठवडे काका रोज सकाळी देवळातून, म्हणजे चर्चमधून, मिस्साची प्रार्थना आटोपून आले की हाताला फडकं गुंडाळून घोसाघोसाला तो ब्रश लावत. आळीतली माणसं कुंपणाशी उभी राहून बघत, आणि काका त्यांना सगळं समजावून सांगत, जणू शोध त्यांचाच.

फळ धरलं. एका घोसाला तीन, एकाला पाच. एप्रिल संपता संपता पहिला टोमॅटो लाल झाला. तळहाताएवढा, चपटा, फाकाफाकांचा. तो आणि पुढचे नऊ आम्ही खाल्ले नाहीत. बी काढलं, दोन दिवस आंबवलं, धुऊन राखेत वाळवलं, आणि काकांनी स्वतः पाच घरांत वाटलं. एक पुडी माझी. "एकाच घरात ठेवायचं नाही आता," ते प्रत्येक दारात सांगत होते.

मे महिन्याच्या मध्यावर एका दुपारी पश्चिमेकडून आभाळ भरून आलं. झाडांवर फळ लगडलेलं होतं. काकांचा फोन आला तेव्हा हौसाबाय माझ्याकडेच बसली होती. टोपलीसकट ती, मी आणि हे, तिघं एका रिक्षेत कोंबून भुईगावला पोचलो. वारा इतका की कर्दळी जमिनीला टेकत होत्या. चौघांनी मिळून तोडायला घेतलं. पिकलं, अर्धं पिकलं, हिरवं, काही सोडलं नाही. हौसाबाय तर दोन्ही हातांनी तोडत होती आणि वाऱ्याला तिच्या भाषेत शिव्या घालत होती. शेवटची टोपली ओट्यावर टेकली आणि सर आली. आमच्या डोळ्यांसमोर पहिला बांबू वाकला, मग दुसरा, मग सगळी ओळ एका अंगावर झोपली.

काका भिजलेले, दम लागलेला, आणि हसत होते. काकू गेल्यापासून त्यांना मोठ्याने हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"सगळे काढले ना?"

"सगळे काढले."

"मग उभे का? हौसाबाय, टोपलीत काय आहे तुझ्या?"

"सुके बोंबील हायेत. दुसरा काय न्हाय."

"चालतील. बसा सगळे. आज मी रांधतो."

स्वयंपाकात त्यांनी आयुष्यात चहापलीकडे काही केलं नव्हतं. विळीवर टोमॅटो चिरायला त्यांना अर्धा तास लागला, आणि हौसाबाय मध्ये बोलायला गेली की ते तिला गप्प करत. बाहेर पाऊस कोसळत होता. त्यांनी बोंबलांत भरभरून टोमॅटो घातले, मीठ विसरले, मग आठवून दोनदा घातलं. भात जरा लागला. पहिला घास घेऊन हे माझ्याकडे बघू लागले, मी त्यांच्याकडे.

"कसं झालंय?" काकांनी विचारलं.

"आंबट हाय," हौसाबाय म्हणाली आणि ताट पुढे केलं. "आनखी वाढा."